ग्रेटफुल डेडची ध्वनिमुद्रणं: नवख्यानं सुरुवात कुठून करावी

कुणीतरी ग्रेटफुल डेडचं तोंड भरून कौतुक करतं, आपण कुतूहलानं त्यांचा एखादा स्टुडिओ अल्बम लावतो, चार गाणी ऐकतो आणि मनात येतं, ‘बरं आहे, पण यासाठी लोक एवढे वेडे का होतात?’ शंका रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या या बँडनं १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत तेरा स्टुडिओ अल्बम काढले आणि कार्यक्रम केले तेवीसशेच्या आसपास. ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ हे १९७० सालचे दोन अल्बम सोडले, तर स्टुडिओत त्यांचा जीव कधी रमलाच नाही, असं माझं मत. जे काही आहे ते रंगमंचावर आहे, आणि सुदैवानं त्यातलं बरंचसं टेपवर उतरलेलं आहे.

पण इथेच नवखा माणूस गडबडतो. कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांच्या अधिकृत मालिका, म्हणजे ‘डिक्स पिक्स’चे छत्तीस खंड आणि ‘डेव्ह्ज पिक्स’ची न संपणारी रांग, सत्तर-ऐंशी सीडींच्या पेट्या, शिवाय इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहावर एकाच तारखेची सहा-सहा ध्वनिमुद्रणं. यातून वाट काढायची एक पद्धत खाली देतो. ती एकमेव नाही, आणि जुने चाहते तिच्याशी भांडतील, पण चालून बघण्यासारखी आहे.

आधी माणसं ओळखून घ्या

मुख्य गिटार आणि गाणं जेरी गार्सिया, दुसरी गिटार आणि गाणं बॉब वीअर, बास फिल लेश, ड्रम बिल क्रॉइट्झमन. सुरुवातीच्या वर्षांत ऑर्गन, माउथ ऑर्गन आणि ब्लूज गाणारा रॉन मॅकर्नन, ज्याला सगळे ‘पिगपेन’ म्हणत. १९६७ मध्ये दुसरा ड्रमर आला, मिकी हार्ट. गार्सियाच्या बहुतेक गाण्यांचे शब्द रॉबर्ट हंटरचे. आज काय वाजवायचं हे बहुतेक वेळा आधी ठरलेलं नसे, एक गाणं संपता संपता पुढचं ठरे. त्यामुळे कालचा कार्यक्रम आजच्यासारखा नसे, आणि लोक एकाच दौऱ्यातल्या पाच-सहा रात्री पाठोपाठ गाठत.

लेबल वाचायला शिका

चाहते अल्बमच्या नावांनी बोलत नाहीत, तारखांनी बोलतात. ‘५/८/७७’ असं दिसलं की आपण भारतीय माणसं सहज पाच ऑगस्ट वाचतो. ही अमेरिकी पद्धत आहे, आधी महिना आणि मग दिवस. म्हणजे ८ मे १९७७. एवढं पक्कं केलं नाही तर शोधताना भलतीच रात्र हाती लागते.

तारखेनंतर सभागृह आणि गाव, त्याखाली पहिला सेट, दुसरा सेट आणि शेवटी आग्रहाखातर वाजवलेलं एन्कोर. सत्तरच्या दशकापासून साधारण रिवाज असा: पहिल्या सेटमध्ये सुटी, आटोपशीर गाणी; दुसऱ्यात गाणी एकमेकांत मिसळत लांबत जातात. ही मिसळण्याची खूण म्हणजे बाण. ‘स्कार्लेट बिगोनियाज > फायर ऑन द माउंटन’ असं लिहिलं असेल तर पहिलं गाणं न थांबता दुसऱ्यात शिरलं. यादी बघताना नजर या बाणांवर ठेवा. जिथे बाण ओळीनं लागलेत तिथे बँड मोकळा सुटलेला असतो.

मग येतो ध्वनिमुद्रणाचा प्रकार. ‘एसबीडी’ म्हणजे साउंडबोर्डवरून, ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेलं. ‘एयूडी’ म्हणजे श्रोत्यांत बसून मायक्रोफोननं घेतलेलं. ‘मॅट्रिक्स’ म्हणजे दोन्हींचं मिश्रण. नवख्याला वाटतं साउंडबोर्ड म्हणजे उत्तमच. तसं नाही. छोट्या सभागृहात गिटारचे अँप आणि ड्रम आपल्या जोरावरच सगळीकडे ऐकू जायचे, त्यामुळे ते यंत्रणेत फारसे घालायची गरज नसे. परिणाम असा की अशा टेपवर गाणाऱ्यांचे आवाज छातीवर बसतात आणि गिटार कुठेतरी लांबून येते. शिवाय श्रोत्यांचा प्रतिसाद जवळजवळ नाहीच.

या टेपा मुळात केल्या का, हेही कळायला हवं. सुरुवातीचा ध्वनितंत्रज्ञ आऊझ्ली स्टॅन्ली, टोपणनाव ‘बेअर’, हा एलएसडी बनवणारा म्हणून जास्त गाजला. पण त्याला आपण रात्री आवाज कसा लावला हे दुसऱ्या दिवशी तपासायचं असे, म्हणून तो प्रत्येक कार्यक्रम टेप करायचा. जतन करण्याचा हेतू नव्हताच, ती कामाची रोजनिशी होती. पुढे बेटी कँटर-जॅक्सन हिनं श्रोत्यांना ऐकू जाणाऱ्या मिश्रणावर अवलंबून न राहता टेपसाठी वेगळं मिश्रण करायला सुरुवात केली, आणि म्हणून तिच्या टेपा, ‘बेटी बोर्ड्‌स’, आजही कानाला इतक्या गोड लागतात.

प्लेअर नीट करून घ्या

हे काम दोन मिनिटांचं आहे पण करा. गाणी एकमेकांत शिरतात, त्यामुळे दोन ट्रॅकच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची जरी शांतता पडली तरी सगळी मजा जाते. ॲपच्या सेटिंगमध्ये गॅपलेस प्लेबॅक सुरू करा, क्रॉसफेड (एका ट्रॅकचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीवर चढवण्याची सोय) बंद करा, शफल बंद करा. प्रत्येक गाण्याचा आवाज सारखा करणारी सोय असेल तर तीही बंद, कारण हे लोक हळू वाजवतात तेव्हा मुद्दाम हळू वाजवत असतात. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बास येत नाही, आणि बास गेला तर निम्मा बँड गेला.

एक गाणं, तीन रात्री

पूर्ण कार्यक्रमाला लगेच हात घालू नका. एक जोडी निवडा: ‘चायना कॅट सनफ्लॉवर > आय नो यू रायडर’. पहिलं हंटरच्या शब्दांचं, काहीसं चक्रावणारं गाणं, दुसरं जुनं लोकगीत. दोन्हींच्या मधला वाद्यांचा पूल हाच या जोडीचा प्राण.

पहिल्यांदा १९७२ च्या ‘युरोप ’७२’ या अल्बमवरचं ऐका. नेटकं, स्वच्छ. (या अल्बमवरचं बरंचसं गायन दौऱ्यावरून परतल्यावर स्टुडिओत पुन्हा भरलेलं आहे, म्हणून ते इतकं सुरेल आहे. फसू नका, इतर रात्री ते इतक्या सुरात गात नाहीत.) मग त्याच वर्षीचं २७ ऑगस्टचं, ओरेगनमधल्या व्हेनेटा इथलं. आणि तिसरं २६ जून १९७४, प्रॉव्हिडन्स, ‘डिक्स पिक्स’च्या बाराव्या खंडावरचं, इथे आधीच एक जॅम (आधी न ठरवता, सुचेल तसं सगळ्यांनी मिळून वाजवणं) वाजतो, त्यातून ‘चायना कॅट’ उगवतं, आणि पुलाच्या जागी एक अख्खा नवा जॅम उभा राहतो.

ऐकताना एका वेळी एकाच माणसामागे लागा. पहिल्यांदा अर्थातच गार्सिया. दुसऱ्यांदा फक्त लेश: तो बास बहुतेकांसारखा ठेक्याला खिळून वाजवत नाही, तो गिटारच्या समोर उभा राहून दुसरी चाल रचतो. तिसऱ्यांदा वीअर. नवख्याला तो ऐकूच येत नाही, कारण तो मधल्या फटींमध्ये तुटक, विचित्र बांधणीचे कॉर्ड सरकवत असतो. एकदा का तो सापडला की मग सोडवत नाही.

ख्याल ऐकणाऱ्यांना हे सोपं जाईल. एकाच गवयाची एकच बंदिश वेगवेगळ्या मैफलींतून ऐकणाऱ्याला कळतं की बंदिश हे निमित्त आहे. फरक इतकाच की इथे एक गवई आणि साथीदार अशी मांडणी नाही. पाच-सहा जण एकाच वेळी बोलतात आणि कुणीही पुढे होऊ शकतो. त्यामुळे कधी कधी सगळेच बोलतात आणि गोंधळही होतो. तो गोंधळ टेपवर राहतो, कुणी कापत नाही.

आता एक अख्खी रात्र

सगळे सांगतील कॉर्नेल, आणि मीही तेच सांगतो, निदान सुरुवातीला. ८ मे १९७७, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाचं बार्टन हॉल. हीच ती ‘५/८/७७’. त्या वर्षी बँड ‘टेरापिन स्टेशन’ या अल्बमसाठी निर्माता कीथ ओल्सनच्या शिस्तीत रगडून तालीम करून आला होता आणि ते वाजवण्यात दिसतं: सगळं चपखल, घट्ट, तरी सैलसर हसरं. दुसऱ्या सेटची सुरुवात ‘स्कार्लेट बिगोनियाज > फायर ऑन द माउंटन’. शेवटाकडे ‘मॉर्निंग ड्यू’ येतं. गार्सिया अगदी दबक्या सुरांपासून तो कळस इतक्या धीरानं बांधत नेतो की घाई म्हणजे काय हे विसरायला होतं.

या टेपेची कहाणी कादंबरीला शोभेल अशी. ती बेटी बोर्डपैकी. बेटीचा टेपांचा साठा एका भाड्याच्या गोदामात होता, भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये तो लिलावात विकला गेला. तिथून प्रती निघाल्या, हातोहात पसरल्या, आणि कॉर्नेल ही बँडनं न काढलेली असूनही सगळ्यांत लाडकी टेप झाली. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयानं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश केला तेव्हाही तिचं अधिकृत प्रकाशन झालेलं नव्हतं! मूळ टेपा परत मिळाल्यावर २०१७ मध्ये, चाळीस वर्षांनी, ती रीतसर बाहेर आली. टेपचा वेग मूळच्या यंत्रात किंचित हलतो, तो दुरुस्त करून. जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून ऐकाल तर तो फरक तुम्हालाही कळेल.

कॉर्नेल सर्वश्रेष्ठ आहे का? माझ्या मते नाही. तो सगळ्यांत सोपा आहे. माझा कौल व्हेनेटाला. लेखक केन किझीचा भाऊ चक याची एक डेअरी अडचणीत होती, तिच्या मदतीसाठी उघड्या मैदानात, रणरणत्या उन्हात हा कार्यक्रम झाला. उन्हानं वाद्यांच्या तारा उतरत होत्या, बँड मध्येच थांबून सूर जुळवत होता. आणि तरीही, किंवा म्हणूनच, तिथला अर्ध्या तासाचा ‘डार्क स्टार’ मी कुणालाही डोळे झाकून सुचवेन. हा कार्यक्रम ‘सनशाइन डेड्रीम’ नावानं २०१३ मध्ये अधिकृतपणे आला, चित्रपटासकट. ‘डार्क स्टार’मध्ये दहा-बारा मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल. बसून राहा. तिथे गाणं जवळजवळ नसतंच; सुरुवातीला थोडी ओळख, मग सगळं विरघळतं, मग कुठेतरी दोन ओळी गायल्या जातात.

ड्रम्स आणि स्पेस: उडी मारू नका

१९७८ पासून पुढच्या जवळजवळ प्रत्येक टेपमध्ये दुसऱ्या सेटच्या मधोमध ‘ड्रम्स’ आणि ‘स्पेस’ असे दोन भाग दिसतील. पहिल्यात दोघे ड्रमर एकटे, दुसऱ्यात बाकीचे येऊन सूर-तालाच्या पलीकडचे आवाज काढतात. बहुतेक नवखे हा भाग पुढे ढकलतात. मराठी माणसानं तरी ढकलू नये, कारण याची एक मुळी सरळ मुंबईपर्यंत येते.

मिकी हार्टची गाठ साठच्या दशकात उस्ताद अल्लारखाँ यांच्याशी पडली आणि मात्रा मोजण्याचं आपलं गणित त्याच्या डोक्यात शिरलं. त्याचा मासला ‘लाइव्ह/डेड’ या १९६९ च्या अल्बमवर आहे: ‘द इलेव्हन’, अकरा मात्रांचं. बोटांवर मोजत ऐका, समेवर येताना मजा येते. ‘प्लेइंग इन द बँड’ही मूळच्या दहा मात्रांच्या चालीतून आलं. पुढे मुंबईत जन्मलेले, माहीममध्ये वाढलेले झाकीर हुसेन कॅलिफोर्नियात गेले, आणि सॅन राफेलच्या अली अकबर कॉलेज ऑफ म्युझिकमधून जमलेल्या तालवादकांसह हार्टनं आणि त्यांनी ‘डिगा ऱ्हिदम बँड’ उभा केला. त्यांचा ‘डिगा’ हा अल्बम १९७६ चा. त्यावर ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ नावाचा तुकडा आहे, गार्सिया गिटारवर आहे, आणि चाल ऐकताच तुम्ही चमकाल: तेच पुढे ‘फायर ऑन द माउंटन’ झालं. म्हणजे कॉर्नेलच्या त्या लाडक्या जोडीचं दुसरं अंग आधी तबल्याच्या संगतीत वाजून गेलेलं आहे. झाकीरभाई, विक्कू विनायकराम आणि हार्ट यांच्या १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताचं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं. ‘ड्रम्स’ कंटाळवाणं वाटलं तर आधी ‘डिगा’ ऐका, मग परत या.

कोणतं साल कसं

वर्षं लक्षात ठेवायची सोपी किल्ली म्हणजे कीबोर्डवर कोण बसलंय ते बघणं. पिगपेनचा काळ म्हणजे १९६८ ते ७० चा आडदांड, कर्कश, भन्नाट डेड. ‘लाइव्ह/डेड’ आणि फेब्रुवारी १९७० च्या फिलमोर ईस्टच्या रात्री (‘डिक्स पिक्स’ ४) इथे सुरुवात करा. त्याच वर्षीचं २ मेचं हार्पर कॉलेज (‘डिक्स पिक्स’ ८) आधी अकूस्टिक, मग विजेच्या वाद्यांसह. एका रात्रीत दोन बँड.

१९७१ च्या फेब्रुवारीत हार्ट बाजूला झाला आणि साडेतीन वर्षं एकटा क्रॉइट्झमन उरला. ऑक्टोबरमध्ये पियानोवर कीथ गॉडशॉ आला, पुढच्या वर्षी त्याची बायको डॉना जीन गायला लागली; पिगपेन १९७३ च्या मार्चमध्ये वारला. १९७२ ते ७४ हा माझ्या मते बँडचा सर्वोच्च काळ, आणि कारण साधं आहे: एकच ड्रमर असल्यामुळे सगळा ताफा चटकन वळतो. दोन ड्रमर असले की जोर येतो, पण वळण घ्यायला वेळ लागतो. १९७४ च्या टेपांवर गायन जरा पोकळ वाटेल. ती तुमच्या हेडफोनची चूक नव्हे. त्या वर्षी ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची स्पीकरांची प्रचंड भिंत बँडच्या पाठीमागे उभी असे. तिचा आवाज परत मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून प्रत्येक गाणाऱ्यापुढे उलट जोडणीचे दोन मायक्रोफोन ठेवत आणि तो एकातच गाई. दोन्हींत सारखा शिरलेला आवाज आपोआप कटे, आणि सोबत गाण्याचा थोडा गाभाही जाई.

भिंतीचा खर्च आणि थकवा यांमुळे ऑक्टोबर १९७४ नंतर त्यांनी विश्रांती घेतली. १९७५ मध्ये फक्त चार कार्यक्रम. त्यातला १३ ऑगस्टचा ‘वन फ्रॉम द व्हॉल्ट’ नावानं आला आहे, आणि ‘हेल्प ऑन द वे > स्लिपनॉट > फ्रँकलिन्स टॉवर’ ऐकायला याहून नीटस जागा नाही. १९७६ मध्ये दोन ड्रमर घेऊन परतले, १९७७ चं वर सांगितलंच.

१९७९ च्या वसंतात ब्रेंट मिडलंड आला, ऑर्गन आणि खरखरीत दमदार गळा घेऊन. ऐंशीचं दशक चढउताराचं. गार्सियाची तब्येत ढासळत गेली, १९८६ मध्ये तो मधुमेहामुळे कोमात गेला, त्यातून उठून पुन्हा गिटार शिकल्यासारखा वाजवू लागला, आणि १९८७ मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणं चक्क पहिल्या दहात पोचलं. स्टेडियमं भरायला लागली. १९८९ ची शरद आणि १९९० चा वसंत हा अखेरचा मोठा बहर: हॅम्प्टनच्या ऑक्टोबर ८९ च्या दोन रात्री, आणि २९ मार्च १९९० ला नॅसॉ कॉलिझियममध्ये सॅक्सोफोन घेऊन आलेला ब्रॅनफर्ड मार्सालिस. त्या रात्रीचं ‘आइज ऑफ द वर्ल्ड’ लगेच ‘विदाउट अ नेट’वर आलं होतं.

जुलै १९९० मध्ये ब्रेंट वारला. त्यानंतरची वर्षं सगळ्यांत शेवटी ऐका. त्यात चांगल्या रात्री आहेत, पण त्या शोधायला आधी कान तयार असावा लागतो. ९ जुलै १९९५, शिकागोचं सोल्जर फील्ड, ही शेवटची रात्र तर अजिबात पहिली ऐकू नका.

मालिका कुठली, कशासाठी

अधिकृत प्रकाशनं दोन जातींची. एक, अनेक ट्रॅकवर ध्वनिमुद्रित केलेली, ज्यांत प्रत्येक वाद्य वेगळं असतं आणि नंतर मिश्रण नव्यानं करता येतं: ‘लाइव्ह/डेड’, ‘युरोप ’७२’, ‘सनशाइन डेड्रीम’, ‘व्हॉल्ट’ मालिका. दुसरी, दोन ट्रॅकची, ज्यात त्या रात्री तंत्रज्ञानं जे केलं तेच कायमचं. ‘डिक्स पिक्स’ या दुसऱ्या जातीची. डिक लाटवाला हा मुळात टेपा गोळा करणारा वेडा चाहता, पुढे बँडच्या टेपखान्याचा रखवालदार झाला आणि १९९३ मध्ये त्यानं ही मालिका सुरू केली. तो १९९९ मध्ये गेला, मालिका २००५ पर्यंत चालली. पाकिटावरच ‘टेपेत दोष आहेत, जपून घ्या’ अशा अर्थाची सूचना असे. तरीही, किंवा त्यामुळेच, निवड अस्सल. त्याची जागा घेणाऱ्या डेव्हिड लेमियूची ‘डेव्ह्ज पिक्स’ २०१२ पासून वर्षाला चार येते, मोजक्या प्रती छापून. पहिला खंडही सत्त्याहत्तरच्या मेमधलाच, रिचमंडचा.

टाळायचं असेल तर १९७६ चा ‘स्टील युअर फेस’. चांगल्या रात्रींचं वाईट मिश्रण. त्याच ऑक्टोबर १९७४ च्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहातल्या रात्री ऐकायच्या तर ‘ग्रेटफुल डेड मूव्ही’ या चित्रपटाच्या नंतर निघालेल्या पाच सीडींवर ऐका.

श्रोत्यांच्या टेपा

काही जण आयुष्यभर अधिकृत सीडीच ऐकतात. त्यांचं काही चुकत नाही, पण एका मोठ्या गोष्टीला ते मुकतात. बँडनं श्रोत्यांना टेप करू दिलं, एकच अट: विकायचं नाही. मग पोस्टानं कोऱ्या कॅसेट पाठवून प्रती मागवण्याचा व्यवहार वाढला. साउंडबोर्डपुढे मायक्रोफोनच्या काठ्यांचं एवढं रान माजलं की तंत्रज्ञाला रंगमंच दिसेना, तेव्हा ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीपासून टेप करणाऱ्यांना साउंडबोर्डच्या मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं मिळाली.

आज हा सगळा ठेवा इंटरनेट आर्काइव्हवर फुकट ऐकता येतो. श्रोत्यांच्या टेपा उतरवूनही घेता येतात. साउंडबोर्ड मात्र फक्त ऐकायच्या. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये सगळंच उतरवणं बंद झालं होतं, चाहत्यांनी आरडाओरडा केला, मग हा मध्यम मार्ग निघाला. एका तारखेखाली अनेक नोंदी दिसल्या तर सोबतची माहिती उघडा. मायक्रोफोन कुठला, कुठे बसून, किती प्रतींनंतरची टेप, हे तिथे लिहिलेलं असतं. मधल्या प्रती जितक्या कमी तितकं चांगलं. एखादं गाणं मध्येच तुटलं तर ते कॅसेट पालटण्याचं ठिकाण समजा.

पहिल्या पाच मिनिटांत लोकांच्या गप्पा, शिट्ट्या, घुमणारं छप्पर यानं वैताग येईल. मग कान त्या सभागृहाच्या मापाला बसतो. ‘सेंट स्टीफन’ बऱ्याच वर्षांनी अचानक सुरू होतं तेव्हा हजारो लोक कसे ओरडतात, हे साउंडबोर्ड कधीच सांगणार नाही.

ज्यांचं वास्तव्य कॅलिफोर्नियात आहे, किंवा बे एरियात मुलांकडे जाणं होतं, त्यांनी सांताक्रूझच्या विद्यापीठात एक फेरी मारावी. बँडचा कागदपत्रांचा संग्रह तिथल्या मॅकहेन्री ग्रंथालयात आहे. पोस्टरं, चाहत्यांची पत्रं, त्यांनी रंगवलेली पाकिटं.

खिशाला हात घालण्याआधी

‘डिक्स पिक्स’ आणि बरेच जुने लाइव्ह अल्बम स्ट्रीमिंगवर मिळतात, बाकीचं आर्काइव्हवर, त्यामुळे पहिलं वर्षभर एक पैसा खर्च करायची गरज नाही. ‘डेव्ह्ज पिक्स’च्या मोजक्या प्रती संपल्या की त्याच सीडी दुप्पट-तिप्पट भावानं फिरतात, त्यात भारतात मागवायचं तर टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळं. आधी ती तारीख आर्काइव्हवर ऐका. आवडलीच तर घ्या.

मोठ्या पेट्यांचा मोह सगळ्यांत वाईट. ‘युरोप ’७२’ची संपूर्ण पेटी म्हणजे बावीस कार्यक्रम, त्र्याहत्तर सीडी. ‘थर्टी ट्रिप्स अराउंड द सन’ म्हणजे तीस वर्षांतल्या तीस रात्री, ऐंशी सीडी. युरोपच्या पेटीत तीच गाणी रात्रीमागून रात्री येतात. तिचा उपयोग तुम्हाला आहे का, हे तपासायची एक सोपी चाचणी आहे. त्या दौऱ्यातल्या एप्रिलमधला एक ‘द अदर वन’ आणि मेमधला एक, असे दोन निवडा, घरातल्या कुणाला तरी लावायला सांगा, आणि पडद्याकडे न बघता कुठला कधीचा ते ओळखा. जमलं, तर पैसे साठवायला लागा.